16 नंबरचे चॅनेल आणि बंदीचे दोन महिने: सागरी मच्छीमार संस्थांना खुले पत्र

प्रति,
पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सागरी मच्छीमार सहकारी संस्थांचे अध्यक्ष व संचालक, नौकामालक आणि तांडेल मंडळी

सप्रेम नमस्कार.

1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. इंजिने उघडली जातात, जाळी नीट केली जातात, फळ्यांना रंग लागतो, परवान्याची आणि विम्याची कागदपत्रे पुढे-मागे होतात. या कामांच्या यादीत आणखी एक काम घालावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. बोट संकटात सापडली तर वायरलेसवर काय बोलायचे, ते कोणी बोलायचे आणि दुसऱ्या बोटीने ते ऐकल्यावर काय करायचे, याची तालीम प्रत्येक संस्थेने याच दोन महिन्यांत घ्यावी आणि ती बोट चालवणाऱ्या तांडेलापुरती न ठेवता बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक माणसाची घ्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. बाकीचे सारे त्याची कारणे आहेत.

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ अधिकारी होतो. हे पद आता जवळजवळ इतिहासजमा झाले आहे, कारण 1 फेब्रुवारी 1999 पासून जागतिक सागरी आपत्ती व सुरक्षा यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि मोर्स जाणणाऱ्या माणसाची जागा उपग्रहांनी व आपोआप संदेश पाठवणाऱ्या संचांनी घेतली. आमच्या रेडिओच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ असे आणि त्याच्या तबकडीवर दोन ठिकाणी तीन-तीन मिनिटांचे लाल पट्टे रंगवलेले असत: प्रत्येक तासाच्या 15 व्या आणि 45 व्या मिनिटापासून पुढची तीन मिनिटे. त्या तीन मिनिटांत 500 किलोहर्ट्झवर जगातल्या कोणत्याही जहाजाने काहीही पाठवायचे नाही, फक्त ऐकायचे, असा नियम होता, म्हणजे एखाद्याचा क्षीण संकटसंदेश गर्दीत बुडून जाऊ नये. आवाजी संदेशांच्या 2182 किलोहर्ट्झसाठी तसेच हिरवे पट्टे तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला असत. नवी यंत्रणा आमच्यापेक्षा कितीतरी पटींनी चांगली आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ती 300 टनांवरील मालवाहू आणि आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या प्रवासी जहाजांसाठी बेतलेली आहे. तुमच्या बोटींवर आजही माणसानेच बोलायचे असते आणि माणसानेच ऐकायचे असते.

बोलण्यात काय चुकू शकते, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण समुद्रावरचे नसून आकाशातले आहे. 25 जानेवारी 1990 च्या रात्री कोलंबियाच्या अव्हियान्का कंपनीचे 52 क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे येत होते. हवामान खराब असल्याने त्याला वाटेत तीन वेळा मिळून 1 तास 17 मिनिटे घिरट्या घालत थांबवून ठेवले गेले. इंधन संपत आले होते. सहवैमानिकाने नियंत्रकाला सांगितले की आम्हाला प्राधान्य हवे आहे. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कप्तानाने त्याला स्पॅनिशमध्ये बजावले की आपण आणीबाणीत आहोत हे त्यांना सांग. सहवैमानिकाने नियंत्रकाने दिलेली दिशा उच्चारून मान्य केली आणि त्याच वाक्याच्या शेवटी, जाता जाता सांगावे तसे, इंधन संपत आल्याचे जोडले. ‘मेडे’ ही जगभर ठरलेली संकटाची हाक किंवा ‘आणीबाणी’ हा शब्द शेवटपर्यंत वायरलेसवर उमटला नाही. नियंत्रकाच्या कानावर त्या रात्री डझनभर विमाने होती आणि इंधन कमी असल्याचे तर सगळेच सांगत असतात. थोड्याच वेळात चारही इंजिने बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक येथील टेकडीवर आदळले. 158 पैकी 73 माणसे गेली. विमानात पेटण्याइतके इंधनच उरले नव्हते, म्हणून आग लागली नाही.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताच्या कारणांत इंधनाचे नियोजन चुकल्याबरोबरच इंधनाची आणीबाणी नियंत्रकाला वेळेत न कळवल्याचेही नोंदवले आणि अशा प्रसंगी वापरायचे शब्द सर्वत्र सारखे व ठरलेले नसल्याकडे बोट दाखवले. आज वैमानिकांना त्यासाठी ठरलेला शब्दप्रयोग आहे: तीन वेळा मेडे आणि पुढे फ्युएल. तो ऐकला की नियंत्रकाला अर्थ लावत बसावे लागत नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर दिले, कारण आपल्याकडच्या वायरलेसवरचे बोलणे नेमके याच वळणाचे असते. ‘अरे, जरा पाणी येतंय बोटीत’, ‘पंख्यात जाळं गेलंय, बघतोय’, ‘कोणी जवळ असेल तर या जरा’. बोलणाऱ्याच्या मनात भीती असते, पण शब्दांत ती नसते. संकोच असतो, उद्या बंदरात हसतील अशी शंका असते आणि आपले आपण निभावून नेऊ ही दर्यावर वाढलेल्या माणसाची सवय असते. ऐकणारा तांडेल जाळे ओढत असतो. त्याला वाटते, बघतोय म्हणाला, बघेल. या दोघांमध्ये कोणीच दोषी नाही आणि तरीही मदत निघत नाही.

मेडे हा शब्द तीन वेळा उच्चारल्याने हा घोळ एका क्षणात संपतो. 1920 च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर तो प्रथम ठरला आणि 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेने आवाजी संदेशांसाठी तो जगभर मान्य केला. तेव्हापासून तो ऐकल्यावर बाकीच्यांनी काय करायचे हेही ठरलेले आहे: आपले बोलणे थांबवायचे, ऐकायचे, लिहून घ्यायचे आणि मदत करता येणार असेल तर निघायचे. जीवाला धोका आहे आणि मदत ताबडतोब हवी आहे, तेव्हा मेडे. अडचण मोठी आहे पण या घडीला जीवावर बेतलेले नाही, जसे इंजिन बंद पडून बोट वाहत चालली आहे किंवा खलाशी आजारी पडला आहे, तेव्हा तीन वेळा ‘पॅन पॅन’. आपल्याकडे ही दुसरी पायरी फारशी वापरलीच जात नाही आणि मला ती तुमच्यासाठी अधिक महत्त्वाची वाटते, कारण मेडे म्हणायला धजावत नसलेला तांडेलसुद्धा पॅन पॅन निःसंकोचपणे म्हणू शकेल. परिस्थिती बिघडली तर तोच माणूस अर्ध्या तासाने मेडे म्हणेल आणि तोवर चार बोटींना तो कुठे आहे हे माहीत झालेले असेल.

आता प्रत्यक्ष संदेश. संकटासाठी व हाक मारण्यासाठी ठरलेले 16 नंबरचे चॅनेल, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ. संच पूर्ण शक्तीवर, म्हणजे 25 वॉटवर. माइकचे बटण दाबून सावकाश बोलायचे: मेडे, मेडे, मेडे. मग बोटीचे नाव तीन वेळा. पुन्हा एकदा मेडे आणि नाव. मग ठिकाण, मग काय झाले, मग कोणती मदत हवी, मग माणसे किती, मग बोटीचा रंग किंवा लाइफ जॅकेट घातली आहेत की नाहीत असे उपयोगी काही. शेवटी ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडायचे आणि ऐकायचे. बटण सोडायचे, हे पुन्हा सांगतो, कारण घाबरलेल्या माणसाची मूठ उघडत नाही आणि दाबून राहिलेले एक बटण आसपासच्या सर्वांचे चॅनेल बंद करून टाकते.

ठिकाण हा या संदेशातला सर्वांत मौल्यवान भाग आहे. बाकी सारे तुटले आणि नाव व ठिकाण तेवढे पोहोचले, तरी शोध सुरू होतो. जीपीएसवरचे आकडे एकेक करून वाचावेत: 17 अंश 18 मिनिटे उत्तर म्हणताना ‘एक-सात, एक-आठ’ असे, म्हणजे खरखरीत सतरा आणि सत्तर यांची गल्लत होत नाही. जीपीएस बंद पडला असेल तर ओळखीच्या खुणेपासून दिशा आणि अंतर सांगावे, जसे जयगड दीपगृहाच्या पश्चिमेस अंदाजे 15 सागरी मैल. ‘काल जिथे डोल मारली होती तिथून खाली’ हे सांगणे आपल्या भावाला कळेल, तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरला कळणार नाही.

हा सगळा संदेश मिनिटभरात होतो, पण ते मिनिट हाताशी असेल याची खात्री नसते. 12 जून 2025 रोजी अहमदाबादहून निघालेल्या एअर इंडिया 171 या विमानाच्या प्राथमिक अहवालानुसार वैमानिकाचा मेडे दुपारी 1 वाजून 39 मिनिटे 5 सेकंदांनी गेला आणि 11 व्या सेकंदाला विमानातल्या नोंदयंत्राची नोंद थांबली. सहा सेकंद. तेवढ्या अवधीत तो शब्द तोंडातून निघाला, कारण तो वर्षानुवर्षांच्या सरावाने बसवलेला होता. बोटीवर बहुधा याहून अधिक वेळ मिळतो, पण तो दिसतो तितका नसतो. संच चालतो बॅटरीवर आणि पुष्कळ बोटींत बॅटरी असते खाली, इंजिनच्या खोलीत. पाणी पहिल्यांदा तिथेच भरते. पंप लावून, बादल्यांनी उपसून, भोक शोधून, सारे हरल्यावर तांडेल केबिनमध्ये येतो तेव्हा बॅटरी बुडालेली असते आणि संच मुका झालेला असतो. म्हणून पाणी उपसणारे हात उपसत असतानाच एका माणसाने वर माइक धरलेला असला पाहिजे. पाणी आटोक्यात आले तर त्याच चॅनेलवर संकट टळल्याचे सांगून संदेश मागे घेता येतो. त्यात कमीपणा कसलाच नाही. समुद्रावर रोज कुठे ना कुठे असे संदेश मागे घेतले जातात.

आवाज किती लांब जातो, हाही समजुतीचा घोळ मी पुष्कळदा ऐकला आहे. बोटीवरच्या या वायरलेसच्या, म्हणजे व्हीएचएफच्या, लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे संचाच्या किमतीपेक्षा अँटेनाची उंची महत्त्वाची. दोन बोटींचे अँटेना पाण्यापासून 4 मीटरवर असतील तर त्यांचे एकमेकींशी बोलणे ढोबळमानाने 9 सागरी मैलांपर्यंत होते. किनाऱ्यावर 100 मीटर उंचीच्या कड्यावर अँटेना असेल तर तीच बोट सुमारे 26 मैलांवरून ऐकू येते. याचा अर्थ असा की खोल मासेमारीला गेलेल्या बोटीचा आवाज किनाऱ्याला पोहोचेलच असे नाही, पण शेजारच्या बोटीला पोहोचतो. तिने तो ‘मेडे रिले’ म्हणून पुढे द्यायचा: मेडे रिले तीन वेळा, स्वतःचे नाव, मग संकटातल्या बोटीचा संदेश जसाच्या तसा. असे दोन-तीन टप्प्यांत तो किनाऱ्याला लागतो. तुमच्यापैकी किती जणांनी हे दोन शब्द कधी म्हणून पाहिले असतील, याची मला शंका आहे.

तुम्ही म्हणाल, आता तर उपग्रहाचे यंत्र मिळते. मिळते आणि ते उत्तम आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरलाच पंतप्रधानांच्या हस्ते नौका संपर्क प्रणालीच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. सुमारे 360 कोटी रुपये खर्चून 13 किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील 1 लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्गे संपर्क साधणारी यंत्रे, बसवण्याचे ते काम आहे. इस्रोने त्याआधी बनवलेल्या संकटसूचक यंत्राची पहिली आवृत्ती फक्त एकमार्गी होती: बटण दाबले की ठिकाणासह सूचना उपग्रहामार्गे जायची, पण ती पोहोचली की नाही हे बोटीवर कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत पोच परत येते. अंधारात वाहत जाणाऱ्या माणसाला कोणीतरी आपले ऐकले आहे हे कळणे म्हणजे काय, ते रेडिओवर बसलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या साठाहून अधिक बोटी वाहत-वाट काढत देवगडला लागल्या, तेव्हा खोल समुद्रातल्या बोटींपर्यंत निरोप पोहोचवण्याची साधने किती तोकडी आहेत हे देवगडकरांनी डोळ्यांनी पाहिले. त्या मानाने आजची स्थिती पुष्कळ सुधारली आहे.

परंतु उपग्रहाच्या यंत्राने दिलेली सूचना जाते बंगळुरूच्या नियंत्रण केंद्राकडे आणि तिथून मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राकडे, म्हणजे तटरक्षक दलाकडे. चार मैलांवर जाळे टाकून बसलेल्या बोटीला ती ऐकू जात नाही. तटरक्षक दलाचे जहाज कितीही वेगाने निघाले तरी त्याला यायला तास लागतात आणि शेजारची बोट अर्ध्या-पाऊण तासात येते. म्हणून उपग्रहाचे बटण आणि 16 नंबरवरचा आवाज ही एकाच वेळी करायची दोन कामे आहेत. ज्यांच्या संचावर झाकणाखाली लाल बटण आहे, त्यांनी तेही दाबावे. ते 70 नंबर चॅनेलवरून तशीच सोय असलेल्या आसपासच्या संचांना घंटी वाजवून जागे करते. मात्र संचात बोटीचा नऊ अंकी क्रमांक भरलेला नसेल तर त्या बटणाचा उपयोग नाही. हा क्रमांक भारतीय नौकांसाठी 419 ने सुरू होतो. तो भरला आहे का, हे याच महिन्यात पाहून घ्यावे. 1554 हा तटरक्षक दलाचा दूरध्वनी क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये असावा, पण मोबाइलचा आवाका किनाऱ्यालगतच संपतो आणि मोबाइलवरचे बोलणे तिसऱ्याला ऐकू जात नाही, हे लक्षात ठेवून.

ऐकण्याबद्दल आता थोडे कठोर लिहितो. टायटॅनिकची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, तिच्यातला एकच तपशील सांगतो. 14 एप्रिल 1912 च्या रात्री जवळच्याच कॅलिफोर्नियन जहाजाच्या रेडिओवाल्याने बर्फामुळे आम्ही थांबलो आहोत असे टायटॅनिकला कळवायचा प्रयत्न केला. तिकडचा रेडिओवाला प्रवाशांच्या खासगी तारा पाठवण्यात गुंतला होता. त्याने याला गप्प बसायला सांगितले. मग कॅलिफोर्नियनचा रेडिओवाला आपला संच बंद करून झोपला आणि त्यानंतर काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळले. संकटसंदेश 58 मैलांवरच्या कार्पेथियाने ऐकला, जवळच्या जहाजाने नाही. आपल्या 16 नंबर चॅनेलवर रात्री काय चालते, हे तुम्ही जाणताच: पापलेटचा भाव, कोणाला किती मासळी लागली, थट्टामस्करी, कधी मोबाइलवरची गाणी. गप्पांना माझा विरोध नाही. आठ-आठ दिवस समुद्रावर राहणाऱ्या माणसाला त्या लागतात. त्यासाठी ठरवलेले कामाचे चॅनेल वापरावे आणि 16 फक्त हाक मारण्यापुरते व ऐकण्यासाठी मोकळे ठेवावे. हे पोलिसी धाकाने होणार नाही. संस्थेने ठरवले आणि तांडेलांनी एकमेकांना टोकले तर एका हंगामात होईल.

तांडेलाला मेडे म्हणायला आणखी एक गोष्ट अडवते, ती म्हणजे पैसा. मदतीला आलेल्याने खर्च मागितला तर, मालकाने एक फेरी बुडाल्याचा हिशेब विचारला तर. सागरी कायद्याचे जुने तत्त्व असे आहे की जीव वाचवल्याबद्दल वाचलेल्या माणसाकडून मोबदला घेता येत नाही. बोट ओढून आणणे आणि मालमत्ता वाचवणे ही वेगळी बाब आहे. आणि मालकांना माझी हात जोडून विनंती आहे की हंगामाच्या पहिल्या दिवशी सर्व खलाशांसमोर त्यांनी स्पष्ट सांगावे: मेडे देण्यासाठी मला फोन करून विचारायचे नाही आणि दिलेला मेडे नंतर अनावश्यक ठरला तरी कोणालाही जाब विचारला जाणार नाही.

खलाशांसमोर असे म्हणतो, कारण रात्री तांडेल झोपतो तेव्हा सुकाणूवर खलाशी असतो आणि कोकणातल्या कितीतरी बोटींवर तो नेपाळचा किंवा कर्नाटकाचा असतो. तांडेल पाण्यात पडला, बोटीला जहाजाने ठोकरले, तर माइक त्यालाच उचलावा लागणार. मेडे, बोटीचे नाव, आकडे आणि माणसांची संख्या एवढे कोणत्याही भाषेच्या माणसाला एका दुपारी शिकवता येते. बाकीचे मराठीत, हिंदीत, जमेल तसे बोलले तरी चालेल. केबिनमध्ये संचाशेजारी संदेशाचा क्रम देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून, प्लास्टिकमध्ये घालून लावावा आणि त्यावर बोटीचे नाव व नोंदणी क्रमांक आधीच छापलेला असावा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या बोटीचा नंबरही आठवत नाही. ही अतिशयोक्ती नाही.

तालीम हवेत प्रक्षेपण न करता घ्यावी. 16 नंबरवर खोटा मेडे देणे गुन्हा आहे आणि खोट्या हाकांमुळे खऱ्या हाकेकडे जाणारी जहाजे दुसरीकडे धावतात. संस्थेच्या सभागृहात दोन बंद संच टेबलावर ठेवावेत. एकाने संकटात सापडलेल्या बोटीचे, दुसऱ्याने शेजारच्या बोटीचे, तिसऱ्याने किनाऱ्यावरच्या केंद्राचे बोलणे करावे आणि जमलेल्यांनी संदेश कागदावर उतरवून घ्यावा. मग कागद तपासावेत. पहिल्या दिवशी ठिकाणाचे आकडे बहुतेकांचे चुकतील, तिसऱ्या दिवशी चुकणार नाहीत. तटरक्षक दलाचे स्थानिक ठाणे आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे परवाना अधिकारी यांना पत्र देऊन बोलावले, तर त्यांच्यापैकी कोणी येऊन किनाऱ्यावरच्या बाजूने काय विचारले जाते तेही सांगू शकेल.

मोठ्या संस्थांनी याला जोडून हंगामभर कार्यालयात उंच अँटेनाचा एक संच रात्रंदिवस चालू ठेवता येईल का, याचाही विचार करावा. कोणती बोट कधी निघाली, तिच्यावर किती माणसे आहेत आणि ती कधी परतणार आहे, याची वही त्या संचाशेजारी असावी. पाळीने बसणाऱ्या दोन-तीन माणसांचा पगार हा खर्च आहे खरा. बर्फाच्या आणि डिझेलच्या हिशेबापुढे तो फार मोठा ठरणार नाही, असे मला वाटते, पण त्याचा आकडा तुम्हीच मांडू शकाल.

1 ऑगस्टला बंदी उठते. त्याआधीच्या संचालक मंडळाच्या सभेत तालमीची तारीख ठरवावी आणि त्या दिवशी प्रत्येक बोटीतून तांडेलासह निदान दोन खलाशी यावेत, असा ठराव करावा. मोर्सची मला आता गरज उरलेली नाही, पण माइकवर बोलायला शिकवता येते. रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही संस्थेने बोलावल्यास मी येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त रेडिओ अधिकारी